वयनीच्या हातचं बियाणं

२०२४ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि नववीच्या विज्ञानाचा अभ्यास करत होतो. परीक्षेला बसणार होती माझी नात, पण पाठांतर ऐकून घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

शाळा मी तिसरीतच सोडली. मास्तरांनी हातावर छडी मारली, मी ती छडी मोडली आणि घरी आलो. नंतर कोणी कितीही समजावलं तरी गेलो नाही. अक्षर मात्र सोडलं नाही. छापलेलं, लिहिलेलं काहीही बोट ठेवून वाचतो, सावकाश वाचतो, पण एक काना चुकू देत नाही. नातीला नेमकं हेच पाहिजे होतं. तिचा बाप तिरोड्याच्या कारखान्यातली पाळी करून थकून येतो आणि अर्धं ऐकूनच "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणतो. मी म्हणत नाही.

तिने जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या होत्या. कोऱ्या बाजूला वर एक शब्द, खाली त्याची व्याख्या. उलटून पाहिलं की कुठे अर्धा गणपती, कुठे नुसती गणपतीची सोंड. दिवाळीआधीचे दिवस होते. संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघं बसायचो. मी शब्द वाचायचा, तिने व्याख्या म्हणायची.

"परासरण," मी म्हणालो.

"पाणी जास्त असलेल्या भागाकडून पाणी कमी असलेल्या भागाकडे पारपटलातून होणारे पाण्याचे वहन."

"निवडक्षम पारपटल. निवडक्षम खाल्लंस तू."

"एका शब्दानं काय होते आबाजी?"

"सगळं होते. पेरायच्या आधी धान भिजत घालतो आमी, त बी फुगते. पाणी आत जाते, पण आतला धान पाण्यात विरघळून जाते का? नाही. निवडूनच जाऊ देते ना ते टरफल?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तुमाले समजते हे?"

"काऊन नाही समजणार? तुमच्या सरानं कधी धान भिजवला का?"

असं चाललं होतं. पेशी झाली, ऊती झाली, गुणसूत्र झालं. मग एक चिठ्ठी आली, अप्रभावी गुणाची. जो गुण पहिल्या पिढीत दिसत नाही, पण दुसऱ्या पिढीत पुन्हा दिसू शकतो, असं काहीतरी होतं. मी चिठ्ठी बाजूला टाकली.

"जो गुण दिसत नाही तो नसतेच. खोडून टाक हे."

"असते ना आबाजी, लपून राहते." तिने उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांची गोष्ट सांगितली. दोघांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे वेल उंचच उंच. बुटकेपणा गेला असं वाटतं. पण त्याच वेलांचं बी पुन्हा पेरलं, तर त्यातून उंचही निघतात आणि बुटकेही. बाहेरून कोणी काही मिसळलेलं नसतं.

मी टाकलेली चिठ्ठी पुन्हा उचलली.

"अन् धानाचं बी?" मी विचारलं. "दोन जातींचा मेळ करून काढलेला हायब्रीड धान. त्याचं घरचं बी ठेवून पुढच्या साली पेरलं त?"

"त फुटते ना! कोणी उंच, कोणी बुटका, कोणी आधी पिकते, कोणी मागून. म्हणून त दरसाल नवीन बी घ्या लागते. सरांनी सांगितलं."

मी चष्मा काढला आणि आज एवढंच पुरे म्हणालो.

बियाण्यावरून घरात जे घडलं त्याला पंधरा वर्षं झाली असतील. आमच्या घरी बियाणं विकत आणायची रीत नव्हती. बियाणं वयनीचं. वयनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, माय नव्हती, तिनेच मला वाढवलं. कापणीच्या आधी ती उभ्या धानात शिरायची, एकेक लोंबी पाहून तोडायची आणि टोपलीत टाकायची. त्या लोंब्या पायाने मळायच्या, वाळवायच्या, कडुनिंबाचा पाला घालून बांबूच्या ढोलीत भरायच्या आणि ढोलीचं तोंड शेणानं लिंपून टाकायचं. त्या ढोलीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही.

त्या साली मी पहिल्यांदा पाकिटातला हायब्रीड धान लावला. पीक असं आलं की कात्रीनं वरून सारखं केल्यासारखं. दुकानदारानं बजावलं होतं, "याचं बी ठेवू नका, पुढच्या साली नवीन न्या." मी म्हटलं, याला माल खपवायचा आहे. एवढा देखणा धान, याचं बी का नाही ठेवायचं? वयनीला म्हटलं, निवड. तिनं निवडलं.

पुढच्या साली बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तमाशा झाला. एक रोप कमरेपर्यंत, त्याच्या शेजारचं गुडघ्याएवढं. एक पिकलेलं, दुसरं फुलोऱ्यात, तिसरं नुसतं पोचट. शेताच्या धुऱ्यावरून जाणारे विचारू लागले, "का जी, पाच-सहा जातींचं प्रदर्शन भरवलं का?" आमच्या वाडवडिलांनी गावच्या धानासाठी तलाव बांधले, त्या घरच्या माणसाला हे ऐकावं लागत होतं. मी घरी आलो. अंगणात कापणीच्या बाया विळे घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी वयनीला म्हणालो, "चांगलं बी माहेरी धाडलंस आणि माझ्या ढोलीत कचरा भरलास."

ती ओरडली नाही. "आजपासून तुझ्या बियाण्याले माझा हात नाही," एवढंच म्हणाली. चूल वेगळी झाली. अंगण एकच राहिलं. नातीच्या हाती ती मला वालाच्या शेंगा पाठवायची, पण माझ्याशी बोलली नाही. आणि मी? मी बरोबर होतो ना. मी कशाला बोलू?

त्या संध्याकाळी नात आत गेल्यावर मी ती चिठ्ठी पुन्हा वाचली. बोट ठेवून, चार वेळा. एकही काना बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापणीच्या बाया अंगणात जमेपर्यंत मी थांबलो. आळ त्यांच्यासमोर घेतला होता, तेव्हा हेही त्यांच्यासमोरच व्हायला पाहिजे होतं. मग वयनीच्या दारात उभा राहिलो, चष्मा लावला आणि ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"बुढा सकाळीच कायची पोथी वाचून राहिला व?" एक बाई म्हणाली.

वयनी हातात खराटा घेऊन बाहेर आली.

"वयनी, बी तू बदललं नव्हतं," मी म्हणालो. "ते तसंच निघणार होतं. दुकानदार सांगत होता, मी ऐकलं नाही. तुझ्यावर खोटा आळ घेतला."

तिनं माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, उलटून अर्धा गणपती पाहिला आणि परत दिली. तिला वाचता येत नाही.

"हे पोरीच्या पुस्तकात आहे?"

"आहे. नववीच्या."

"मंग पंधरा वर्षं तू कोणत्या वर्गात होतास, बापू?"

बाया खदखदा हसल्या. असं दुसरं कोणी बोललं असतं तर मी विळे हिसकावून घेऊन सगळ्यांना घरी पाठवलं असतं. "तिसरीत," मी म्हणालो.

तिनं खराटा भिंतीला टेकवला. घरच्या खाण्यासाठी मी तळ्याखालच्या एका बांधीत जुना, घरच्या बियाण्यातून तसाच उगवणारा देशी धान लावतो, हे तिला माहीत होतं. "त्या बांधीतली लोंबी वाकली का?" तिनं विचारलं.

"वाकली."

ती पदर खोचून पुढे निघाली. मी माळ्यावरून तिची जुनी टोपली काढली, धूळ झटकली आणि उन्हं चढेपर्यंत त्या बांधीत तिच्या मागे मागे फिरलो. ती लोंब्या तोडत होती, मी टोपली धरून होतो.