प्रेमलताबाईंची अर्जेंटिना

मनीषनगरात घर बांधलं तेव्हा प्रेमलताबाई धकाते यांनी वास्तुशांतीला सत्तर माणसं जेवायला बोलावली होती. जेवणं आटोपली आणि त्यांतलेच तिघे हात धुवून बाहेर पडले ते थेट नव्या कंपाउंडच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. भिंतीला रंग लागून चार दिवस झाले होते.

कोपरा होताच तसा सोयीचा. समोर पानठेला, बाजूला रिकामा प्लॉट, मधे कडुनिंबाचा आडोसा. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून होईस्तोवर माणसानं करायचं तरी काय?

बाई उमरेडच्या विणकराच्या घरातल्या. मुलीनं हातमागावर बसू नये म्हणून वडिलांनी त्यांना नर्सिंगला घातलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं इंजेक्शनं दिली. विदर्भातले अर्धे पुढारी आपण पाठीमागून ओळखतो असं त्या सांगायच्या, आणि ते फारसं खोटं नव्हतं. माणसाच्या शरीराचं त्यांना काही म्हणजे काही वाटत नसे. राग होता तो भिंत खराब होण्याचा.

आधी त्यांनी पाटी लावली, ‘येथे लघवी करू नये’. आठवड्याभरात कोणीतरी शेवटचा शब्द खरवडून काढला. ‘येथे लघवी करू’ असं निमंत्रण दोन महिने भिंतीवर राहिलं. मग देवांच्या फरशा चिकटवल्या. तर एक गृहस्थ आधी देवाला मनोभावे हात जोडायचे आणि दीड फूट डावीकडे सरकायचे. बोगनवेल लावली, ती मे महिन्यानं आणि या मंडळींनी मिळून मारली. निवडुंगाच्या कुंड्या चोरीला गेल्या.

“सोड ना वं,” नवरा बाबनराव म्हणायचे. ते पोस्टातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. “गंगेले कोणी बांध घातला काय?”

“गंगा म्हनू नका त्याले,” बाई म्हणायच्या.

बाईंचा भाचा अपूर्व बेंगळुरूला एका नर्सरीत कामाला होता. २०१३ साली तो घरी आला तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मावशी, ट्रायथ्रिनॅक्स नावाचा एक ताड आहे. अर्जेंटिनाच्या माळरानावरचा. तुमच्या सत्तेचाळीस डिग्रीत हसत उभा राहील, थंडीत बर्फ पडला तरी मरत नाही. गुरं तोंड लावत नाहीत. पानाचं प्रत्येक टोक म्हणजे सुई.”

“कितव्या नंबरची?” बाईंनी विचारलं.

अपूर्वला नंबर माहीत नव्हता. महिन्याभरानं खोक्यातून झाड आलं, गुडघ्याच्याही खाली, निळसर राखाडी, पंख्यासारखी ताठ पानं. बाईंनी टोकावर अंगठा टेकवला, रक्ताचा थेंब पाहिला आणि समाधानानं म्हणाल्या, “अठरा नंबर. रक्त चढवायची.”

त्या झाडाला एकच गोष्ट सोसत नाही, पायाशी साचलेलं पाणी. आणि मनीषनगरची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते. म्हणून बाईंनी भिंतीबाहेर खड्डा खणून गाडीभर मुरूम आणि विटांचे तुकडे भरले, वर उंचवटा केला. तरी दुसऱ्या पावसाळ्यात मधला कोंब पिवळा पडला. बाईंनी हलकेच ओढला तर तो हातातच आला, खाली कुजलेला.

“गेली तुयी अर्जेंटिना,” बाबनराव म्हणाले.

बाई स्वयंपाकघरात गेल्या. ब्लेड उकळून घेतलं, कुजलेला भाग साफ केला आणि जखमेवर ओततात तसं पेरॉक्साइड त्या भोकात ओतलं. फसफसून फेस आला. पाऊस आत जाऊ नये म्हणून वर प्लास्टिकची बादली उपडी घातली. पुढचे अडीच महिने त्या रोज सकाळी बादली उचलून बघायच्या आणि पुन्हा ठेवायच्या. काहीच दिसत नव्हतं. दवाखान्यात नातेवाईक काचेतून बघत उभे राहायचे, तेव्हा त्या त्यांना हटकायच्या. आता आपणच काय करून राहिलो, हे मनात येऊन त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दिवाळीच्या आठवड्यात भोकातून नखाएवढं हिरवं टोक वर आलं. बाई घरात आल्या, चहा टाकला आणि कपभर प्यायल्यावर म्हणाल्या, “जगली.”

पण वाढायची म्हणाल तर अर्जेंटिनाला कसलीच घाई नव्हती. वर्षाला चार-पाच पानं. तोवर पानठेल्याची गिऱ्हाइकं उंचवट्याच्या कडेनं उभी राहून कामं उरकतच होती. अर्धं मनीषनगर आपल्या झाडाला फुकट खत घालतं, असं बाबनराव म्हणायचे. आठ वर्षांनी झाड कमरेएवढं झालं, बुंध्याशी दोन पिल्लं फुटली आणि पानं चहूकडे बरच्यांसारखी पसरली. बुंध्यावर करड्या धाग्यांची जाळी होती, आडवी-उभी, एकात एक गेलेली, मधून काटे काढलेली. बाई ती एकदा बराच वेळ न्याहाळत राहिल्या. असं घट्ट विणलेलं त्यांनी बाबांच्या मागावरच पाहिलं होतं.

गर्दी आटली. भिंत वाळली. आणि मग सोसायटीचे अध्यक्ष रामाजी सावरबांधे यांचा अर्ज आला, ‘सदर काटेरी विदेशी वृक्ष लहान मुलांच्या जीवितास धोकादायक असल्याने तात्काळ तोडण्यात यावा.’ रविवारी बैठक ठेवली होती.

“लहान पोरं तिकडं कशाले जातात?” बाईंनी फोनवर विचारलं.

“मुद्दा तो नाही, सिस्टर,” रामाजी म्हणाले. “मुद्दा सुरक्षेचा हाय.”

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला बेल वाजली. दारात रामाजी, एक हात कमरेमागे, चेहऱ्यावर घाम.

“घरात कोणी हाय काय?”

“मी हाय, हे हायेत. काय झालं?”

“जरा आत येऊ द्या.”

हळूहळू बाहेर आलं ते असं. रामाजींना शुगर. ठेल्यावर दोन चहा झाले, घराचं दार वळसा घालून पलीकडच्या गल्लीत. इतक्या वर्षांची सवय, म्हणून ते झाड आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून शिरले. तेवढ्यात मागे ट्रकचा हॉर्न वाजला. रामाजी दचकून एक पाऊल मागं सरले. काटा मोडून आत राहिला होता.

“झोपा पालथे,” बाई म्हणाल्या.

“बाबनराव हायेत इथं.”

“त्यांनी भिंतीपाशी लय पाह्यलं हाय. झोपा.”

बाईंनी चष्मा लावला, चिमटा उकळला. काटा खोल होता आणि तुसासारखा ठिसूळ. रामाजी उशीत तोंड खुपसून पडले होते. दहा मिनिटांनी पाऊण इंचाचा काटा वाटीत पडला.

“पूर्ण निघाला. पण शुगर हाय तुमाले, आजच डॉक्टरले दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.”

“सिस्टर,” रामाजी पालथेच म्हणाले, “रविवारी हे सांगसान काय?”

“पेशंटचं मी आजपर्यंत कोणाले सांगितलं नाही. उठा आता.”

त्यांनी खरोखरच सांगितलं नाही. बैठकीत सगळे खुर्च्यांवर बसले आणि अध्यक्ष तेवढे दीड तास उभे राहिले. झाडाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी घसा साफ करून सांगितलं, की प्रत्यक्ष पाहणी केली असता वृक्ष भिंतीलगत आहे, मुलांच्या वाटेत येत नाही, सबब अर्ज मागे. बाबनरावांना खोकल्याची उबळ आली म्हणून ते बाहेर गेले.

प्रेमलताबाईंच्या भिंतीपासून हाकललेली मंडळी मात्र कुठेतरी जाणारच. ती रस्त्याच्या पलीकडे गेली, रामाजींच्या मागच्या भिंतीशी. तीन महिने सोसून रामाजी पुन्हा दारात आले. या वेळी दोन्ही हात समोर होते.

“त्यातलं एक पिल्लू भेटन काय?”

“पिल्लू काढताना मरू शकते,” बाई म्हणाल्या. “जगलं तर कमरेएवढं व्हायले आठ-दहा वर्षं. तुमचं वय किती?”

“अडुसष्ट.”

“मग उशीर काहून करून राहिले? मुरूम मागवा.”

मंगळवारी मुरूम आला. रामाजींनी खणलेला खड्डा बाईंना उथळ वाटला. त्या काठावर उभ्या राहून आणखी हातभर खोल खणायला सांगत होत्या, आणि रामाजी बनियनवर, निमूटपणे, खणत होते.