व्हॉल्व्ह टेस्टरचं हँडिंग-टेकिंग ओव्हर

टेस्टर विकायचा ठरला, तेव्हा आदल्या संध्याकाळी मी तो टेबलावर घेतला, कोरड्या फडक्याने पुसला आणि चालू करून पाहिला. वस्तू हवाली करायची तर चालू हालतीत, ही फौजेची सवय. मी सिग्नल्समध्ये रेडिओ मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि वसईजवळ उमेळ्यात घर केलं. हा टेस्टर सरकारी नव्हे. फौजेत ज्यावर काम केलं त्याच जातीचा पुढे मुंबईच्या जुन्या बाजारात दिसला, म्हणून घेतला.

जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. टेस्टरमध्ये व्हॉल्व्ह खोचायचा, बटणं लावायची, काटा हिरव्या पट्ट्यात आला की तो चांगला. वसईतले कितीतरी मुके रेडिओ मी यावर बोलते केले. आता हात थरथरतो, काटा पुसट दिसतो. टेस्टर वापरणाऱ्याच्याच हाती जावा, एवढीच माझी अट होती.

पहिलं गिऱ्हाईक तुळिंजहून आलं. हॉटेलं सजवण्याचं काम करणारा माणूस.

"अंकल, पीस एकदम भारी आहे. आतलं सगळं काढून टाकू, एलईडी लावू. काउंटरवर मस्त दिसेल."

"चहा घ्या आणि निघा."

त्याला वाटलं मी भाव खातोय. त्याने किंमत वाढवली. मी दार उघडलं.

दुसरा आला पापडीचा बावतीस. बँकेतून नुकताच निवृत्त झालेला. वारलेल्या वडिलांचा रेडिओ स्वतः दुरुस्त करायचा त्याने ध्यास घेतला होता. त्यातले व्हॉल्व्ह रुमालात बांधून घेऊनच आला. किमतीचं लगेच जमलं आणि त्याने पैसे पाठवायला फोन काढला.

"थांबा," मी म्हटलं. "आधी हँडिंग-टेकिंग ओव्हर."

"म्हणजे काय, काका?"

"फौजेत चार्ज असाच देतात. घेणाऱ्याने देणाऱ्यासमोर चालवून दाखवायचं. मगच ताबा."

तो हसला, पण बसला. व्हॉल्व्ह खोचला, बटणं बरोबर लावली. काटा हिरव्यात आला.

"चांगला आहे."

"नापास."

"व्हॉल्व्ह?"

"तुम्ही." मी त्याच्या हातात पेन्सिल दिली. "मागच्या रबराने हलकेच ठोका."

त्याने ठोकलं. काटा धाडकन खाली पडला.

"अरे देवा!"

"आतला सांधा सैल आहे. स्वस्थ बसला तर चालतो, धक्का लागला की मरतो."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मग सांगणं आलं. तेव्हा माझं पोस्टिंग हिमालयात, ब्रिगेडच्या वर्कशॉपमध्ये होतं. नाईक केशव पालव माझा सिनियर. मालवणकडचा, तोंडाने फटकळ. "आई नारळ ठोकून घेते, आपण व्हॉल्व्ह," असं म्हणायचा. ठोकल्याशिवाय त्याच्या टेबलावरून एकही व्हॉल्व्ह पुढे जात नसे. पण वरच्या पोस्टला सामान खेचरावरून जायचं. इथे पास झालेला व्हॉल्व्ह वाटेतल्या हिसक्यांनी खिळखिळा व्हायचा.

त्या हिवाळ्यात पोस्टचा सेट असाच अडखळू लागला. त्यातच एका जवानाच्या छातीत पाणी भरलं. हेलिकॉप्टर हवं होतं, आणि वर आभाळ कधी उघडतंय हे रेडिओशिवाय कळणार नव्हतं. शेवटचं वाक्य आलं ते अर्धंच. मग सेट बंद पडला.

"कौन जाएगा?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"मैं, साब. खच्चर पे नहीं भेजूँगा."

पालवने नवा व्हॉल्व्ह ठोकून पाहिला, लोकरीत गुंडाळला आणि कोटाच्या आत छातीशी ठेवला. मी म्हटलं, मी जातो. तो म्हणाला, "तू धापा टाकत पोचशील. टेस्टर सांभाळ." आणि गस्तीच्या तुकडीबरोबर निघाला.

दुपारी आवाज आला. स्वच्छ.

"कंट्रोल, पोस्ट टू. सेट ओके. ठोक के देखा है. ओव्हर."

सगळं वर्कशॉप हसलं. दुसऱ्या दिवशी आभाळ उघडताच पोस्टने कळवलं, लगेच हेलिकॉप्टर वर गेलं, जवान खाली आला आणि वाचला. हेलिकॉप्टरमध्ये जागा एकाचीच होती. पालव पायी उतरायला लागला. वाटेत बर्फाचा कडा सुटला. बाकीचे बर्फाखालून जिवंत निघाले, पालव निघाला नाही. मी वर्कशॉपमध्ये ढसाढसा रडलो. मेजरसाहेबांनी मला रडू दिलं.

बावतीसने दुसरा व्हॉल्व्ह खोचला आणि मी सांगण्याआधीच पेन्सिलीने ठोकला. काटा जागचा हलला नाही. मी म्हटलं, "पास. टेस्टर तुमचा."

दाराशी तो थांबला. "काका, पालवांचं पूर्ण नाव काय?"

"कशाला?"

"आमच्याकडे मृतांच्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात, चर्चमध्ये मिस्सा असते, प्रार्थनेत गेलेल्यांची नावं घेतात. बाबांच्या नावाबरोबर त्यांचंही देतो."

"तो ख्रिस्ती नव्हता हो."

"असू दे. बाबांचा रेडिओ आता पालवांच्याच युक्तीने वाजणार आहे ना?"

पालवला आईशिवाय कोणी नव्हतं. ती गेल्यावर त्याच्या नावाने दिवा लावणारं कुणीच उरलं नव्हतं. मी सरळ उभा राहिलो आणि रोल कॉलला सांगतात तसं सांगितलं, "नाईक केशव विठ्ठल पालव. सिग्नल्स."

बावतीसने टेस्टर खाली ठेवला आणि पाठ होईपर्यंत ते नाव माझ्यासमोर म्हटलं.