टाकेबाईंची उडी

त्या सव्वीस वर्षं सैन्यासाठी हवाई छत्र्या शिवत होत्या. एक टाका इकडचा तिकडे झाला तरी अख्खी पट्टी उसवायच्या, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना टाकेबाई म्हणायचे. तोंडावरसुद्धा.

इतकी वर्षं गिऱ्हाईक एकच होतं, सरकार, आणि ते कुठे जाणार नव्हतं. मग बाजार खुला झाला. खासगी कंपन्यांनी निम्मं काम उचलून नेलं आणि कारखान्याला कळवण्यात आलं की आता आपलं गिऱ्हाईक आपण शोधायचं. नव्या व्यवस्थापकाने शाळेची दप्तरं करायला घेतली. इतरांना एका दप्तराला बारा मिनिटं लागत. टाकेबाईंना पन्नास.

"बाई, हे घेऊन कोणी उडी मारणार नाहीये," व्यवस्थापक म्हणाला.

"पोरांचा काय भरवसा," बाई म्हणाल्या.

दप्तरं फाटेनात, त्यामुळे दुसऱ्यांदा घ्यायला कोणी येईना.

शेवटी हौशी लोकांना विमानातून उड्या मारायला नेणारी एक कंपनी आली. मालकाने नमुन्याची छत्री वाळूची पोती बांधून दहा वेळा टाकून पाहिली. मोठ्या ऑर्डरआधी त्याची एकच अट होती: शेवटच्या चाचणीत कारखान्याचं एक माणूस त्याच्यासोबत उडी मारेल.

बैठकीत व्यवस्थापकाची कंबर धरली. तपासनिसांना रक्तदाब आठवला. विक्रीवाले म्हणाले, आमचं काम जमिनीवरचं.

"शिवलीय मी. मीच जाते," टाकेबाई म्हणाल्या. कोणी फारसं अडवलं नाही.

घरी नवऱ्याने पेपर खाली ठेवला. "वय काय तुझं? माझी बहीण नुसती जिन्यावरून पडली, तर तीन महिने अंथरुणात होती."

"त्यांच्याकडे छत्री नव्हती."

मैदानावर मालकाने त्यांना पट्ट्यांनी स्वतःशी बांधलं आणि समजावलं, की ही उघडली नाही तर दुसरी राखीव छत्री आहे, परदेशी.

"तिची शिवण बघितली असती," बाई म्हणाल्या.

विमानाचं दार उघडलं. परत फिरू म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात पायाखालचं विमान गेलं. मग एक जोराचा हिसका बसला आणि सगळं शांत झालं.

त्यांनी वर पाहिलं. सव्वीस वर्षांत छत्री त्यांनी टेबलावरच पाहिली होती, तुकड्यातुकड्यांत. उघडलेली आज पहिल्यांदाच. कापडातून ऊन आरपार येत होतं आणि शिवणन् शिवण दिसत होती.

"खाली बघा, नदी दिसतेय," मालक म्हणाला.

"थांबा जरा." त्यांना रडू येत होतं आणि घट्ट बसवलेल्या चष्म्याच्या आत बोट जाईना.

ऑर्डर मिळाली. दप्तरांचं खातं बंद झालं, छत्र्यांचं तरलं. व्यवस्थापकाने जाहिरातीत टाकेबाईंचा विमानातून काढलेला आकाशातला फोटो छापला. त्यात तोंड उघडं आलं होतं, म्हणून त्या दोन दिवस व्यवस्थापकाशी बोलल्या नाहीत.