वाडग्यात बसलेला सोनेरी माणूस

आईला पुण्याला भावाकडे पाठवायचं ठरलं होतं. दुबईतल्या आमच्या ऊद मेथाच्या घरात, हॉलमधल्या चपलांच्या कपाटापाशी एक बाई बसलेली असते, असं ती बरेच दिवस सांगत होती आणि मी धास्तावले होते. जाण्याआधी तिला कुठेतरी फिरवावं म्हणून एका शनिवारी शारजा गाठलं.

लवकर निघालात तर रस्ता मोकळा मिळतो. आम्ही इडल्या खात बसलो आणि व्हायचं तेच झालं. तिथल्या जुन्या इस्लामी कलावस्तूंच्या संग्रहालयाचं तिकीट दहा दिरहम.

"म्हणजे जवळजवळ अडीचशे रुपये? भांडी बघायला?" व्हीलचेअरमधून आई म्हणाली.

भांडी मात्र बघण्यासारखीच आहेत. काहींवर पांढऱ्या मातीचा थर देऊन तो टोकदार काडीने खरवडलाय, म्हणजे खालची लाल माती नक्षी होऊन दिसते. पण खरी जादू चकाकीच्या वाडग्यांची. भाजलेल्या पांढऱ्या भांड्यावर चांदी-तांब्याच्या लेपाने चित्र काढायचं आणि हवा कोंडलेल्या, धुराने भरलेल्या भट्टीत ते पुन्हा भाजायचं. लेप पुसला की धातूचा अगदी पातळ थर उरतो. अशाच एका वाडग्यात मला मात्र नुसते तपकिरी डाग दिसले.

"हा बघ, सोन्याचा माणूस बसलाय. आपल्याकडेच बघतोय," आई म्हणाली.

"आज्जी, देअर इज नथिंग!" माझी मुलगी म्हणाली.

तेवढ्यात आईची शाल घसरली. ती उचलायला वाकले, नजर आईच्या उंचीला आली आणि वाडगा लखकन उजळला. मांडी घालून बसलेला सोनेरी माणूस, डोळे थेट माझ्यावर रोखलेले. उभी राहिले तर पुन्हा डागच. एसीच्या गारठ्यात मला घाम फुटला. आईला वेडी ठरवल्याची लाज वाटली ती वेगळीच. तुम्ही गेलात तर वाकून बघा, एवढं सांगते.

परतताना नेहमीचा ट्रॅफिक जॅम. गाडीत इथला दाट, वेलचीचा करक चहा पीत आई शांतपणे म्हणाली, "आता घरीही अशीच खाली वाकून बघ."

घरी पोचल्यावर मी तिच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसले आणि कपाटाकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं.

"दिसली?"

तिला बरं वाटावं म्हणून मी "हो" म्हटलं.

"खोटं कशाला बोलतेस? ती केव्हाच उठून तुझ्या मागे येऊन बसलीय."

मी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आईचं पुण्याचं तिकीट रद्द केलं. आई गेली, तर ती बाई कुठे बसलीय हे मला सांगणार कोण?