उंबराचं फूल आत असतं

माझे सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला आले, तेव्हा चार दिवसांत परत जायचं असं ठरवूनच आले होते. चाकूरजवळच्या गावातलं घर, दोन म्हशी आणि सकाळी पारावरची बैठक सोडून ते कधी कुठे राहिले नव्हते. पण मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की थेंब वेळच्या वेळी पडले पाहिजेत आणि धुळीत जायचं नाही. मुलगा दिवसभर कामावर, माझे तास दुपारनंतर, म्हणून थेंब घालणारी मी. मग ते राहिले.

त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांचा दिवस काही केल्या सरत नसे. टीव्ही बघायचा नाही, वाचायचं नाही, खाली उतरून रस्त्यावर उभं राहायचं नाही. मी एका क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. संध्याकाळी घरी आले की ते काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेले असत आणि विचारत, "आज काय शिकिवलंस पोरांना?" पहिल्या दिवशी मी थकलेली होते, म्हणून पाठातलंच एक सांगून टाकलं, की फुलपाखराला चव पायानं कळते. जेवताना ते भाजीच्या वाटीकडे आणि मग स्वतःच्या पायाकडे बघून हसले.

तेव्हापासून रोज एक गोष्ट सांगायची असा नेमच पडला. पाल भिंतीवर चिकट पायांनी चालत नाही, तिच्या बोटांखाली डोळ्याला न दिसणारे केस असतात, हे त्यांनी लगेच मान्य केलं. केळ हे झाडच नाही, एक दांडगं गवतासारखं रोपटं आहे, हे मात्र त्यांना पटलं नाही. माझं माहेर अर्धापूरचं, केळीच्या बागेतलं. मामांनी सरळ माझ्या वडिलांना फोन लावला. वडिलांनी सांगितलं की खोड सोलत गेलं तर शेवटपर्यंत पानांची सोपटंच निघतात, लाकूड कुठेच सापडत नाही. मग मामा म्हणाले, "सून खरं बोलते म्हणायची."

उंबराची गोष्ट निघाली ती अशीच एका संध्याकाळी. मी म्हटलं, उंबर हे फळ नाहीच मामा, ती फुलांनी भरलेली पिशवी असते. बारीक बारीक शेकडो फुलं आतल्या बाजूला, तोंडं आत करून. देठाच्या समोरच्या टोकाला एक लहानसं भोक असतं. त्यातून एक माशी आत शिरते, कुंभारमाशीच्या जातीची पण तिळाहूनही बारीक. शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती आपल्या अंगावरचा पराग फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांतले नर आधी आपापल्या फुलांतून बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, भिंत कोरून वाट करतात आणि उजेड न बघताच बहुतेक आतच मरतात. त्या वाटेनं माद्या उडून जातात, दुसऱ्या उंबराकडे. ही माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर ही माशी जगत नाही.

एवढं सांगून मी कुकर लावायला उठले. त्या दिवशी मामांनी जेवण निम्म्यात सोडलं. मला वाटलं, माळकरी माणूस, उंबरं आवडीनं खाल्लेली, किड्यांचं ऐकून शिसारी आली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब घालताना ते म्हणाले, "उंबराला फूल हाय, हे तू वाचलेलं हाय का बघितलेलं?"

मी कबूल केलं की वाचलेलं आणि शिकवलेलं. स्वतः उंबर चिरून कधी बघितलं नव्हतं.

"मंग आपुन बघू," ते म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा लावून प्रवासाला हरकत नाही म्हटल्यावर पुढच्या रविवारी आम्ही एस.टी.नं चाकूरला गेलो आणि तिथून रिक्षानं गावाला. मी क्लासमधलं भिंग आणि एक पातं बरोबर घेतलं होतं. मामांच्या शेतात विहिरीच्या कडेला उंबराचं जुनं झाड आहे. खोडाला, जाड फांद्यांना घोसच्या घोस लगडलेले, काही उंबरं बोराएवढी हिरवी, काही लाल होऊन खाली पडलेली. खालच्यांना मुंग्या लागल्या होत्या. मामांनी हात पोचेल तिथली दोन तोडली, एक अगदी कोवळं आणि एक लाली धरायला लागलेलं.

कोवळं मी आधी चिरलं. आत पांढुरका, किंचित गुलाबी थर दिसला, साध्या डोळ्याला ओल्या मखमलीसारखा. मी भिंग धरलं आणि मामांनी चष्मा काढून ऑपरेशनचा डोळा लावला. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. भिंगाखाली थराचे सुटे देठ झाले होते, प्रत्येक देठावर एक टपोरा दाणा आणि दाण्यातून निघालेला केसाएवढा दोरा. फुलंच होती ती, पाकळीचा थाट नसलेली.

दुसरं चिरलं तेव्हा त्यातून चार-पाच माश्या बाहेर आल्या. काळ्या, चकचकीत, इतक्या लहान की आधी मला धूळच वाटली. मामांच्या तळहातावर त्या जराशा चालल्या, पंख पुसले आणि उडाल्या. मलाही हे पहिल्यांदाच दिसत होतं. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली आकृती माझ्यासमोर चालत होती.

मामा विहिरीच्या कट्ट्यावर बसले. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि मग त्यांनी सांगितलं.

त्यांना एक भाऊ होता, त्यांच्याहून धाकटा. पाळण्यातलाच म्हणायचा. त्याला ताप भरला आणि उतरेना. त्या काळी दवाखाना लांब, गाडी मिळायची नाही. कुणीतरी त्यांच्या आईला सांगितलं की उंबराला पहाटे फूल येतं, क्षणभरच येतं, आणि ज्याला ते दिसेल त्यानं मागितलेलं मिळतं. तेव्हापासून ती माउली उजाडायच्या आधी या झाडाखाली येऊन वर बघत बसायची. मामांची थोरली बहीण तिच्यासोबत यायची. मामा घरी, आजारी भावापाशी. फूल काही दिसलं नाही आणि पोर गेलं.

"माय मरेपस्तोर एकच म्हणायची," मामा म्हणाले. "माझा डोळा लागला, तेवढ्यात फुललं असंल."

झाडावर पाखरं खात होती आणि उंबरं टपटप पडत होती.

"वर फुलतच न्हाई ते," वर बघत ते म्हणाले. "मंग तिचा डोळा लागला काय आन् न्हाई काय."

त्यांचे हात चिकानं चिकट झाले होते. विहिरीच्या पाण्यानं मी ते धुवून दिले. घरी जाऊन फोन करू, आक्कांना सांगू, असं मी सुचवलं. आक्का म्हणजे तीच थोरली बहीण, मुरुडला लेकाकडे असतात. मामा म्हणाले, हे फोनवर सांगायचं नाही.

म्हणून आम्ही लातूरच्या घरी न थांबता तसेच मुरुडला गेलो, पिशवीत मूठभर उंबरं घेऊन. आक्का खाटेवर बसून शेंगा निवडत होत्या. त्यांना आता फार अंधुक दिसतं. भाऊ असा अचानक आलेला बघून आधी त्यांना काहीतरी वाईट झालं असंच वाटलं. मामांनी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं, पिशवी, भोक, माशी, पंख, सगळं, मी सांगितलं होतं त्याच क्रमानं. मग मी एक उंबर चिरून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आतल्या थरावरून अंगठा फिरवला, दोनदा, तीनदा. भिंगातून दिसण्यासारखं त्यांना काही नव्हतं, पण त्या फिरवत राहिल्या.

"मी मायीच्या मांडीला लागून बसायचे," आक्का म्हणाल्या. "ती झोपली न्हाई. येक दिसबी झोपली न्हाई. मी तिला तवाच सांगायचे, तिला खरंच वाटायचं न्हाई."

मामांनी मान हलवली. त्यांना हे माहीत नव्हतं. एका आईची दोन लेकरं, आणि ही गोष्ट दोघांत कधी निघालीच नव्हती. आक्का त्यानंतर बराच वेळ त्या दिवसांतलं सांगत राहिल्या, माय अंगावर कोणतं लुगडं घ्यायची, परत येताना वाटेत काय बोलायची, धाकटा कसा हसायचा. मामांनी एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी आक्कांनी पदरानं हात पुसला आणि मला विचारलं, "मंग उपासाला उंबरं खाल्ली त्याचं काय गं? सगळी वर्षं किडे खाल्ले का आम्ही?"

मी म्हटलं, पिकेपर्यंत माश्या उडून गेलेल्या असतात, मागं राहतात ते थोडेच. त्यांना ते पुरेसं वाटलं. मामांना वाटलं नाही. त्यांनी त्या दिवसापासून उंबर खाणं सोडलं, पण दुसऱ्या कुणाला सोडायला सांगितलं नाही.

उरलेली उंबरं आक्कांनी नातींना दाखवायला म्हणून स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. ओट्यावर बारीक काळे किडे फिरत आहेत, पिठाच्या डब्यावरही बसलेत, काय औषध मारू. फोन स्पीकरवर होता. मामा थेंब घालून डोळे मिटून पडले होते, तिथूनच त्यांनी सांगितलं, "औषध मारू नका. खिडकी उघडी ठेवा. त्यांना झाड गाठायचं हाय, त्यांच्यापाशी येळ लई थोडा असतो."