आधी घराले बोलू द्या

माझ्या मामेसासऱ्यांइतकं मन लावून ऐकणारा माणूस आख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात झाला नसेल, आणि माणसांच्या बोलण्याचा त्यांच्याइतका कंटाळा असलेलाही झाला नसेल. सरकारने मात्र त्यांना नेमलं होतं माणसांचं बोलणं गोळा करायला. आमच्या गावच्या छोट्या वस्तुसंग्रहालयात पुढच्या दालनात मूर्ती, गंजलेल्या तलवारी आणि पेंढा भरलेलं एक अस्वल होतं. मागच्या खोलीत जिल्ह्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणींच्या टेपा होत्या, आणि हैद्राबादहून आलेल्या जंगलाच्या, पाखरांच्या, धबधब्यांच्या फिल्मा. त्या खोलीचं राज्य मामाजींचं. मी त्याच दफ्तरात हंगामी कारकून होतो आणि त्यांच्या भाचीचा नवरा होतो. ही दोन्ही पदं मला एकाच वर्षी मिळाली, आणि दोन्ही टिकतील की नाही याची धास्ती मला बरीच वर्षं होती.

लग्नाआधी ते मला पाहायला आले तेव्हा बाकीच्या पाहुण्यांनी शिक्षण विचारलं, शेती विचारली. मामाजी समोर डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले. जाताना त्यांनी आपल्या बहिणीला एवढंच सांगितलं, "पोरगा उगी घसा खाकरत नाही. चालते." याच मापाने ते सगळ्यांना मोजत. विहारात वंदना चालू असली तरी त्यांचा कान छताच्या पंख्याकडे असे. मंचेरियलला एका निवृत्त खाणकामगाराची आठवण घ्यायला गेले, तर आधी तीन पाळ्यांचे तीन भोंगे टेप केले, आणि मग त्या बिचाऱ्याला म्हणाले, "आता बोला. पण थोडक्यात."

त्यांची कामाची रीतच तशी होती. कुणाच्याही घरी गेले की बाजेवर ते जड मशीन ठेवायचं, रीळ चढवायचं, बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. समोरच्याने तोंड उघडलं की हात वर करायचे आणि म्हणायचे, "आधी घराले बोलू द्या." मग दहा-पंधरा मिनिटं घर बोले. भांडं पडे, चूल फुंकली जाई, शेजारीण विचारी, "कोण आलं वं?" नेरडीगोंड्याकडच्या एका खेड्यात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. गावातले सगळ्यात वयस्कर आजोबा नवं धोतर नेसून, फेटा बांधून, आठवणींची मनात उजळणी करून बसले होते. दारात एक बकरी होती. ती ओरडायला लागली आणि मामाजी तिच्याकडे वळले. वीस मिनिटं त्यांनी ती बकरी टेप केली. आजोबांचा फेटा थरथरायला लागला.

"काऊन जी साहेब, बकरीचा इतिहास लिहाले आले का तुमी?"

"बकरी पण याच गावची हाय, आजोबा."

"मग तिलेच पुसा निजामाच्या राज्यात काय झालं ते! मी जातो वावरात."

आणि गेले. आम्ही परत आलो ते बकरी घेऊन. मामाजी बसमध्ये इतके खूश होते की मला दौऱ्याच्या पत्रकात काय लिहावं ते सुचेना.

टेपांची नोंदवही त्यांनी स्वतः ठेवली होती. तारीख, गाव, नाव, आणि मग 'तपशील' असा रकाना होता. वरिष्ठांच्या समजुतीप्रमाणे त्या रकान्यात विषय लिहायचा. मामाजी ऐकू येतं ते, ऐकू येईल त्या क्रमाने लिहीत. हैद्राबादहून एक संशोधक बाई जुन्या दुष्काळाच्या आठवणी शोधत आल्या. मी वही उघडून दिली. त्यात लिहिलं होतं : 'खोकला. गाडीची चाकं. कोंबडा दोनदा. मग दुष्काळ.' बाईंनी ती ओळ दोनदा वाचली, मग चहा पिऊन गेल्या. पावसाळ्यात टेपांना बुरशी येऊ नये म्हणून मामाजी डब्यांत कडुनिंबाचा पाला घालत आणि महिन्यातून एकदा प्रत्येक रीळ काढून उलटं करून ठेवत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "एकाच कुशीवर पडून राह्यला का आवाज आखडते, जवाईबुवा."

फिल्मांचं त्याहून वेगळं. शनिवारी सकाळी मावल्यासारख्या आसपासच्या गावांतल्या शाळांची मुलं रांगेने येत. काळे पडदे ओढून मामाजी प्रोजेक्टर चालवत आणि मराठी, तेलुगू, उर्दू अशा तिन्ही भाषांत मिळून चार वाक्यं बोलत. धबधब्याच्या फिल्मेत पाणी कोसळून झालं की ते यंत्र उलटं फिरवत आणि सगळा धबधबा मुकाट्याने डोंगरावर परत जाई. मुलं किंचाळत. वाघाच्या फिल्मेत तर त्यांनी कायमचा नियमच केला होता. वाघाने चितळावर उडी घेतली की उलटं. चितळ उठून उभं राही, वाघ पाठमोरा गवतात शिरे, आणि मामाजी जाहीर करत, "आजच्या दिवस सुटलं." शिक्षण खात्याचे एक साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले होते. त्यांनी हरकत घेतली. ही निसर्गाची दिशाभूल आहे म्हणाले. वाघाने मग खायचं काय? मामाजींनी अदबीने सांगितलं, "तो काही उपाशी मेला नाही साहेब. पुढच्या शनवारी पुन्हा येते."

आता मला ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती लिहिली पाहिजे. इतकी वर्षं मी ती मामाजींच्या गमतीजमतींच्या मागे लपवत आलो आहे, आणि वर चार पानं मी तेच केलं.

फिल्म दाखवायच्या खोलीला नवं छत घातलं तेव्हा उद्‌घाटनाला हैद्राबादहून आमच्या खात्याचे संचालक येणार होते. त्यांचं भाषण टेप करून ठेवा असा हुकूम होता. कोरी टेप दफ्तरात एकही नव्हती, आणि ती मागवायचं काम माझं होतं. मी ते विसरलो होतो. हंगामी माणसाची नोकरी एवढ्यावरही जाते. मामाजी प्रोजेक्टरच्या खटपटीत होते. त्यांना न विचारता मी नोंदवही उघडली आणि जिच्यावर कुणी बोललेलं नाही अशी टेप शोधू लागलो. एक ओळ सापडली : 'सूप. बोलणं नाही.' नावाचा रकाना कोरा, गावाचा कोरा. मी म्हटलं, हीच. कुणी तरी धान्य पाखडतंय, बकरीची धाकटी बहीण. मी ते रीळ मशीनवर चढवलं.

संचालक बोलायला उभे राहिले. मी बटण दाबलं. दहाएक मिनिटं झाली असतील, आणि वीज गेली. काळे पडदे ओढलेले, खोलीत मिट्ट काळोख. संचालक अंधारातच दोन-चार वाक्यं बोलले, पण समोर कुणी दिसत नसलं की भाषण पुढे जात नसावं. "ठीक आहे, एवढंच," म्हणाले आणि बसले. मला लाइनमनला आणायला पिटाळलं. तो सायकलवर आला, खांबाकडे पाहिलं आणि म्हणाला, "लाइन तर चालू हाय." आम्ही आत येतो तर दिवे लागलेले. मग बाकीच्या पाहुण्यांची तासभर भाषणं झाली, मी ती सगळी टेप केली आणि माझी नोकरी वाचली.

घरी जेवताना मी बायकोला रंगवून सांगितलं, की तुझ्या मामाने सूपसुद्धा टेप केलं होतं, आणि मी त्याच्यावर संचालकांना बसवलं. तिचा घास हातातच राहिला.

"कोणती टेप? नाव नव्हतं तिच्यावर?"

"नाही."

"अवो, ते मामी होती."

मामींना मी पाहिलं नव्हतं. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्या वारल्या. जिल्हाभरच्या बायांचे आवाज मामाजींनी आणले, पण मामी त्या मशीनसमोर बसायला कधी तयार झाल्या नाहीत. एकदाच हो म्हणाल्या, तेही मी बोलणार नाही या अटीवर. त्या ज्वारी पाखडत बसल्या आणि मामाजी समोर मशीन घेऊन बसले. नंतर महिनाभरात त्या गेल्या. मामाजींच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नसे. परक्या म्हाताऱ्यांची नावं तीन लिपींत लिहिणाऱ्या माणसाने घरच्या माणसाचा रकाना तेवढा कोरा सोडला होता, आणि मी तो कोरेपणा वाचून टेप उचलली होती.

"सांगून द्या त्याईले," बायको म्हणाली. "मी नाही सांगत. तुमीच सांगा."

मी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं, मग नोकरी पक्की झाल्यावर म्हटलं, मग नोकरी पक्की झाली आणि मुलगी झाली आणि मुलीचं बारसं झालं. मामाजींनी विचारलंही नाही. पण त्या समारंभानंतर त्यांना एक नवीनच सवय लागली. दर शनिवारी दुपारी, मुलं गेली की, ते संचालकांच्या भाषणाचा डबा काढत, कानाला हेडफोन लावत आणि डोळे मिटून बसत. दफ्तरात हसायचा विषय झाला होता. "मामाजीले साहेबाचं भाषण पाठ झालं असंल," शिपाई म्हणे. मी हसत नसे. मला वाटे, त्या भाषणांच्या खाली कुठे तरी सूप ऐकू येतं का, ते शोधत असतील. शनिवारी दुपारी मी कामं काढून कलेक्टर कचेरीत जाऊन बसत असे. त्या डब्याला मी हात लावला नाही, नोंदवहीतलं ते पान उघडलं नाही. अशी अकरा वर्षं गेली. माणूस एवढी वर्षं दररोज एखाद्याच्या समोर बसून त्याच्यापासून लपून राहू शकतो, हे मला स्वतःवरूनच कळलं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी हारतुरे झाल्यावर मी मागच्या खोलीत गेलो. ते डब्यांतला कडुनिंब बदलत होते. मी दाराशी उभं राहून सगळं एका दमात सांगितलं. टेप मागवायची विसरलो तिथपासून.

त्यांनी हातातला पाला डब्यात नीट पसरला.

"व्हय," म्हणाले. "पाह्यलं होतं मी."

"काय पाह्यलं?"

"प्रोजेक्टरपासून तुमचं टेबल दिसते ना जी. डबा वळखला. तवर साहेब अकरा मिनिटं बोलून गेले होते."

"मग थांबवलं काऊन नाही मले?"

"सगळ्याईसमोर? तुमी हंगामी. वरून आमचे जवाई." त्यांनी दुसरा डबा उघडला. "फ्यूज काढला आन् खिशात टाकला. तुमी लाइनमनले आणाले गेले का अंधारात रीळ बदललं आन् फ्यूज परत लावला."

 मी विचारलं, "मग बाकीची भाषणं कशावर आली?"

"बकरीवर." त्यांचा चेहरा खरोखर पडला. "चांगली बकरी होती. पण दुसरं काही हाताले लागलं नाही."

मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं, संचालकांचं रीळ चढवलं आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. आधी संचालक आले. प्रास्ताविक, आभार, पुरातन वारसा. एका शब्दाच्या मधोमध 'खट्' झालं आणि ते संपले. त्यानंतर सूप. ज्वारी वर जाते, खाली येते, वर जाते. मध्ये खडा वेचायला थांबलेलं कळतं. बांगड्या. लांब कुठे तरी बसचा हॉर्न. बराच वेळ फक्त तेच. रिळाच्या अगदी शेवटी सूप भुईवर ठेवल्याचा आवाज आला आणि एक बाई कंटाळून म्हणाली, "झाली ज्वारी. बंद करा ना आता ते."

मी हेडफोन काढला. मामाजी पाठमोरे उभे होते.

"यात बोलणं हाय की, मामाजी. तुमी वहीत बोलणं नाही असं लिहिलं."

"एवढ्याले बोलणं म्हणत नाहीत. तुमी तिचं खरं बोलणं ऐकलं नाही." मग म्हणाले, "अकरा मिनिटं गेली. ती काही येत नाहीत. आता यंत्र उलटं फिरवून पाह्यचं का?" हे ते हसत म्हणाले की कसं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी माफी मागितली. डब्याचं झाकण लावत ते म्हणाले, "शनवारी पोरं येतील. वाघाची फिल्म जपून चालवा, तिचा एक जोड ढिला हाय."

त्यानंतर तीन वर्षांनी ते गेले. मागची खोली आता माझ्याकडे आहे. नोंदवहीतलं ते पान मी शेवटी उघडलं. 'सूप. बोलणं नाही.' या ओळीच्या आधी, मुद्दाम जागा करून, त्याच समारंभाच्या तारखेला त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं आहे : 'आधी साहेब. मग'. ते इतकी वर्षं माझ्या टेबलापासून चार हातांवर होतं. नावाचा रकाना कोराच आहे. मला नाव माहीत आहे, बायकोने सांगितलं आहे, पण तो रकाना भरणं माझं काम नाही असं वाटतं. मशीनचा पट्टा तुटला आहे, नव्या पट्ट्यासाठी हैद्राबादला तीनदा लिहिलं, कागद कुठे तरी फिरतोय. तोपर्यंत टेप ऐकता येत नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, मुलं वाघ पाहून गेली की, मी तो डबा काढतो, पाला बदलतो आणि रीळ दुसऱ्या कुशीवर ठेवतो.