चित्र पाहून आणलेल्या कॅसेटी

माझे यजमान कॅसेट विकत घ्यायचे ती वरचं चित्र पाहून. गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही, हे त्यांनी मला पाहायला आले त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. वडलांनी मोठ्या कौतुकानं माझ्या कॅसेटींचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आमच्या पोरीले गाण्याचं लय येड हाय." यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि सरळ म्हणाले, "मले तर साऱ्या गाण्यायची चाल एकच वाटते जी."

वडलांनी गडबडीनं डब्याला झाकण लावलं. मला मात्र हसू फुटलं. मी पदर तोंडाला लावून आत पळाले आणि आईला सांगितलं, मला चालेल.

भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत मी वाढले. आमच्या क्वार्टरच्या एका अंगाला बंगाली कुटुंब, दुसऱ्या अंगाला मल्याळी आणि समोर पंजाबी. कोणाची बदली झाली की सामान बांधता बांधता एखादी काकू एखादी कॅसेट माझ्या हातावर ठेवून जायची. अशानं माझ्या डब्यात नावाड्यांची गाणी आली, कव्वाल्या आल्या, लग्नात बायकांनी म्हणायची पंजाबी गाणी आली. अभंग आणि भावगीतं वडलांची. अर्ध्या गाण्यांचे शब्द मला कळत नसत, पण त्यामुळे कधी काही अडलं नाही.

लग्न झालं आणि तो डबा आणि एक टेपरेकॉर्डर घेऊन मी आलापल्लीला आले. हे वनखात्याच्या लाकूड डेपोत कारकून होते. सरकारी क्वार्टर, मागे अंगण, अंगणापलीकडे साग. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि सासूबाई. सासूबाई वैनगंगेकाठच्या, धानाच्या मुलखातल्या. गावची शेती थोरल्या मुलावर सोपवून त्या धाकट्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी माझा डबा उघडून पाहिला, परत झाकण लावलं आणि म्हणाल्या, "दागिने हायेत असं वाटलं मले."

लग्नानंतर काही दिवसांनी यांना ऑफिसच्या कामानं चंद्रपूरला जावं लागलं. परत आले ते पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कॅसेट काढून माझ्यासमोर धरत. वर नदीचं चित्र, नदीत एक होडी, मागे मावळता सूर्य.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"नदी चांगली दिसली. गानं बी तसंच असन म्हटलं."

लावून पाहिली तर सरोद. कोणीतरी मोठा कलावंत संथ आलाप घेत होता. एक एक सूर यायचा, थांबायचा, मग पुढचा. मी भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत बसले. सासूबाईंनी बराच वेळ धीर धरला आणि मग विचारलं, "हा अजून बाजा जुळवूनच राह्यला. गानं कवा सुरू होते?"

तेव्हापासून हे कुठेही गेले की एक कॅसेट यायचीच, आणि आत काय निघेल याचा नेम नसे. एकदा टोपी घातलेला एक गोरा माणूस आला, हातात सोन्यासारखं चमकणारं वाकडं वाद्य. ते सॅक्सोफोन होतं हे मला पुष्कळ नंतर कळलं. पहिला लांब सूर ऐकला आणि सासूबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या.

"हा बाप्पा रडून काऊन राह्यला?"

"रडत नाही आई, वाजवतोय."

"नाई. रडूनच राह्यला. बायको गेली असन त्याची." आणि त्या सूप मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. पुढे रोज दुपारी निवडायला बसल्या की फर्माईश यायची, "सूनबाई, लाव बरं त्या रडनाऱ्याले."

सिरोंच्याहून वाघावर बसलेल्या देवीची कॅसेट आली, तीत दणक्यात वाजणारी तेलुगू भजनं. दोन हसऱ्या बाया पाहून आणलेल्या कॅसेटीत गाणं असं नव्हतंच. एक बाई इंग्रजीत आकडे मोजत होती आणि मागे नुसता ठेका. व्यायामाची कॅसेट होती ती. आम्ही वाया जाऊ दिली नाही. मी उभ्यानं आणि सासूबाई पाटावर बसून हात वर-खाली करत राहिलो. शेजारीण विरजण मागायला आली होती, ती दारातूनच परत गेली.

एकदा मी यांना म्हटलं, "दुकानदाराला थोडी वाजवून दाखवायला सांगत जा ना."

"वाजवली तरी मले काय समजनार हाय? चित्र तरी समजते." मग जरा थांबून म्हणाले, "आन तुले तरी काय नवीन भेटन ते मालूम नसते. मज्जा त्यातच हाय."

त्यानंतर माझ्या लक्षात आलं. नवी कॅसेट लावली की हे समोरच्या खुर्चीवर येऊन बसत. मला वाटायचं ऐकतात. ऐकत काही नसत, माझ्याकडे पाहत असत. माझ्या भुवया वर गेल्या, मान डोलली किंवा हसू आलं की त्यांचं काम झालं. मग उठून चपला घालून डेपोत निघून जात. मी पुढे कितीतरी सुंदर गाणी ऐकली, पण त्या चेहऱ्यासमोर पहिल्यांदा ऐकलेली गाणी वेगळीच राहिली.

एका पावसाळ्यात हे चंद्रपूरहून आले आणि पिशवीतून दोन कॅसेटी निघाल्या. एकीवर ढोलांचं चित्र. दुसरीवर काहीच नव्हतं, नुसत्या रेघा.

"ही कोरी हाय," हे म्हणाले. "दुसरं एकबी चित्र पसंत नाई पडलं. दुकानदार म्हने, ही घ्या, पाह्यजे ते भरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ढोलांची लावली. लाईट गेलेली होती, म्हणून उन्हात वाळवलेले जुने सेल घातले. आफ्रिकेतले ढोल होते ते, एकात एक गुंतत जाणारे. तेवढ्यात मागच्या दारानं वास्ते घेऊन एक बाई आली. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ही बाई जवळच्या माडिया गोंडांच्या पाड्यातली, पावसाळाभर आमच्याकडे यायची. तिनं डोक्यावरची टोपली उतरवली आणि तशीच उभी राहिली.

"ढोल कोन वाजवते, बाई?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"डब्ब्यात हाय. दूरच्या देशातले लोक हायेत."

ती पुढे येऊन टेपरेकॉर्डरशी उकिडवी बसली, मान तिरपी करून ऐकू लागली. "चांगला वाजवते," ती म्हणाली. "पन घाई लय करते. आमी इतके नाई पळत." आणि तिनं गुडघ्यावर हातानं आपला ठेका धरून दाखवला. सावकाश, झुलता. मग त्या ठेक्यावर ती गुणगुणायला लागली.

मी टेप बंद केला. सासूबाईही सूप बाजूला ठेवून पाहत होत्या. ती थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "आमी रोवण्यात म्हनतो तो असा असते." आणि त्यांनी गळा खाकरला.

लग्न होऊन इतके दिवस झाले होते, पण मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. धानाच्या रोवणीचं गाणं. चिखलात वाकून, रोपं खोचत, रांगेनं मागे सरकत म्हणायचं. एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. त्यांनी ओळ टाकली, उचलायला कोणी नव्हतं. मी कसाबसा सूर लावला. त्यांनी हातानंच मला गप्प केलं आणि पुन्हा ओळ टाकली. या वेळी ती माडिया बाई पुढे झाली. शब्द तिला येत नव्हते, तिनं नुसता शेवटचा सूर उचलला आणि लांबवला. सासूबाईंचा चेहरा उजळला. पुढची ओळ त्यांनी अशी जोरात टाकली की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

मी कोरी कॅसेट घातली आणि रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं एकदम दाबली.

त्यांचं गाणं झाल्यावर त्या माडिया बाईनं आपला रेला, म्हणजे त्यांच्याकडचं नाचाचं गाणं, सुरू केला. आता ध्रुवपद उचलायची पाळी सासूबाईंची. गोंडी त्यांना एक अक्षर येत नव्हतं. पहिल्यांदा चुकल्या, दुसऱ्यांदा चुकल्या, दोघी हसून हसून कोलमडल्या, तिसऱ्यांदा बरोबर जमलं. मग ती उठली, सासूबाईंना हाताला धरून उठवलं आणि दोघी अंगणात, कमरेला हात घालून, एक पाय पुढे एक पाय मागे टाकायला लागल्या. गुडघे दुखतात म्हणून मला पाणी भरायला लावणाऱ्या माझ्या सासूबाई!

दमून दोघी ओट्यावर बसल्या तेव्हा मी कॅसेट मागे फिरवून लावली. ती बाई आधी दचकली, मग आपलाच आवाज ओळखून तोंडावर हात ठेवून हसत सुटली. सासूबाई हसल्या नाहीत. कान देऊन ऐकत राहिल्या.

"हे मी नाई," त्या हळूच म्हणाल्या. "हे तर माही माय हाय."

टेपमध्ये त्यांचं चुकलेलं ध्रुवपद आलं, मग आमचं हसणं, आणि सासूबाईही हसायला लागल्या.

"एका बाईनं हे गानं होत नाई," सासूबाई त्या माडिया बाईला म्हणाल्या. "तुह्या पाड्यातल्या बाया घेऊन ये. कॅसेट रिकामी हाय अजून."

संध्याकाळी हे आले तेव्हा सासूबाईंनी स्वतः बटण दाबून त्यांना ऐकवलं. हे खुर्चीवर बसले, या खेपेस आपल्या आईकडे पाहत.

पुढच्या बाजारच्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच अंगण सारवून घेतलं आणि मला नवे सेल आणायला पिटाळलं. बाया आल्या त्या दुपारी, बाजार उरकून. टोपल्या भिंतीशी ओळीनं मांडल्या आणि टेपरेकॉर्डरभोवती रेटारेटी करत बसल्या. सासूबाई मधोमध जागा करून बसल्या आणि तिथूनच मला हाक दिली, "सूनबाई, मोठ्या गंजात चहा ठेव वो. लय जनी हायेत."